अमृताचा कलश एकच का असतो?

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी परीस नष्ट केला जातो. 1997 साली आलेल्या या कादंबरीत परिसापासून आयुष्य वाढवणारा रस तयार करता येतो. त्या रसाच्या बळावर निकोलस फ्लॅमेल 665 वर्षांचा आणि त्याची पत्नी पेरेनेल 658 वर्षांची झालेली असते, आणि व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या हाती तो दगड पडू नये म्हणून फ्लॅमेलच्या संमतीनेच त्याचा शेवट केला जातो. अकरा वर्षांच्या हॅरीला हे ऐकून वाईट वाटते, तेव्हा मुख्याध्यापक डंबलडोर त्याची समजूत घालतात की हवा तेवढा पैसा आणि हवे तेवढे आयुष्य याच दोन गोष्टी बहुतेक माणसे मागतील आणि नेमक्या त्याच त्यांच्या वाईटाच्या असतात. वाचक मान डोलावतो आणि पुस्तक मिटतो. पण फ्लॅमेल पतिपत्नींनी सहा शतके तो रस दोघांपुरताच का ठेवला, शेजारच्या घरी तापाने फणफणलेल्या पोराला त्यातला चमचाभर का दिला नाही, हा प्रश्न त्या पुस्तकात कोणीही विचारत नाही. डंबलडोर तर फ्लॅमेलचे मित्र आणि किमयेच्या प्रयोगांतले सहकारी आहेत. त्यांनाही तो सुचत नाही.

अद्भुतकथा मला मनापासून आवडतात आणि मुलांनी त्या भरपूर वाचाव्यात असे मला वाटते, म्हणूनच त्या नकळत काय शिकवून जातात याकडे लक्ष द्यायला हवे. अमरत्व देणारी वस्तू ज्या कथांत येते त्यांचा ठरलेला बोध असा असतो की मरण स्वाभाविक आहे, जगण्याची हाव धरणारा माणूस राक्षस होतो आणि ती वस्तू टाकून देतो तोच शहाणा. या बोधाला माझी हरकत आहे. या कथांत जो अनर्थ घडतो तो जगण्याच्या इच्छेतून क्वचितच घडतो. बहुतेक वेळा तो वस्तू एकच असण्यातून आणि ती एकाच्याच मुठीत राहण्यातून घडतो. लेखक आधी वस्तू एकुलती एक ठेवतो, तिच्यापायी रक्त सांडायला लावतो आणि शेवटी खापर मात्र इच्छेच्या माथी फोडतो. लहानपणी रुजलेला हा निवाडा पुस्तकाबाहेरही आपल्यासोबत येतो, आणि महागडे औषध कोणाला मिळावे, म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणावर किती खर्च करावा, अशा प्रश्नांवर आपण बोलू लागतो तेव्हा तो आपल्या तोंडून बोलत असतो.

फ्लॅमेल हा मुळात खराखुरा माणूस होता. पॅरिसमध्ये तो लेखनिकाचा आणि हस्तलिखितांचा व्यवसाय करत असे आणि 1418 मध्ये तो वारला. तो किमयागार होता ही आख्यायिका त्याच्या मृत्यूनंतर दोनेक शतकांनी पसरली. त्याने 1407 मध्ये बांधलेले एक दगडी घर पॅरिसच्या मोंमोरांसी रस्त्यावर आजही उभे आहे आणि त्या शहरातल्या सर्वांत जुन्या घरांत त्याची गणना होते. घराच्या दर्शनी भागावर कोरलेला मजकूर तिथे राहणाऱ्या कष्टकरी स्त्रीपुरुषांच्या तोंडी आहे. मृत पापी जनांना क्षमा मिळावी म्हणून आपण प्रत्येकाने रोज एक-दोन प्रार्थना म्हणायच्या आहेत, असे ते त्यात सांगतात. म्हणजे इतिहासातल्या फ्लॅमेलने पैसा मिळवला, त्यातून घरे बांधली, गोरगरिबांना आसरा दिला आणि मोबदल्यात मागितली ती फक्त प्रार्थना. कल्पित साहित्याने त्याच्याकडून सोने घेतले, त्याला सहा शतकांचे आयुष्य दिले, आणि त्याच्या चरित्रातली सर्वांत सुंदर गोष्ट, त्याची वाटून खाण्याची वृत्ती, तेवढी गाळून टाकली. हे जाणूनबुजून झाले असे मी म्हणत नाही. पण वस्तू एकाच्याच ताब्यात असल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, ही सवय किती मुरलेली आहे हे यावरून कळते.

आपल्याकडच्या गोष्टीत राक्षसाचा प्राण पोपटात असतो, आणि तो पोपट सात समुद्रांपलीकडे असतो. या प्रकारची एक गोष्ट 1868 मध्ये छापली गेली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने दख्खनच्या प्रवासात आपल्या आयेकडून, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. अ‍ॅनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातल्या पंचकिन नावाच्या जादूगाराने एका राजकुमाराला, त्याच्या भावांना आणि त्यांच्या लोकांना दगड करून टाकले आहे, आणि राजकुमाराची बायको बालना हिला पळवून नेऊन बारा वर्षे बुरुजात कोंडले आहे, कारण ती त्याच्याशी लग्न करायला तयार नाही. मोठा झालेला मुलगा आईला शोधत येतो आणि दोघे मिळून युक्ती करतात. बालना गोड बोलून पंचकिनकडून त्याच्या प्राणाचा ठावठिकाणा काढून घेते. लाखो कोस दूर एका ओसाड मुलखात दाट जंगल आहे, जंगलात ताडांचे रिंगण आहे, रिंगणाच्या मध्ये पाण्याने भरलेल्या सहा घागरींची उतरंड आहे आणि सर्वांत खालच्या घागरीखाली एका लहानशा पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे. मुलगा तो पोपट घेऊन येतो आणि पंचकिनच्या समोर उभा राहतो. आधी तो त्याला दगड झालेल्या सगळ्यांना पुन्हा माणसे करायला लावतो. मग पोपटाचा एक पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो, पाय तोडला की पाय, आणि मान पिरगळली की त्याची मान.

ही गोष्ट मला फार न्यायाची वाटते. तीत कोणी मरणाची थोरवी गात नाही. कोणालाही तो पोपट स्वतःसाठी नको आहे. पंचकिनला जगायचे होते हा त्याचा गुन्हाच नाही. त्याने दुसऱ्यांना दगड केले आणि एका बाईचे आयुष्य बुरुजात कुजवले हा गुन्हा आहे, आणि शिक्षेच्या आधी भरपाई करून घेतली जाते. व्होल्डेमॉर्टचे हॉरक्रक्स हे याच पोपटाचे दूरचे भाऊबंद म्हणता येतील. तिथे आत्म्याचा प्रत्येक तुकडा वेगळा काढून वस्तूत लपवण्यासाठी एक खून करावा लागतो. ती अट ऐकताच न्याय कुठे आहे हे स्पष्ट व्हायला हवे. पण पुस्तक तिथे थांबत नाही. व्होल्डेमॉर्टचे सर्वांत मोठे वैगुण्य म्हणजे त्याला मरणाची भीती वाटते, असे ते पुन्हा पुन्हा सांगते. मरणाची भीती तर कर्करोगाच्या वॉर्डातल्या साध्या माणसालाही वाटते, आणि म्हणून तो कोणाचा खून करत नाही. या दोघांना एका मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अंगठीविषयी मात्र एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. ती अंगठी नवे आयुष्य देतच नाही, असलेलेच ताणत नेते. त्या कथेतल्या गॉलमने ती सुमारे पाचशे वर्षे बाळगली आणि तो झिजत झिजत अंधारात बडबडणारा एक जीव होऊन राहिला. मर्त्य माणसांच्या राजांना मिळालेल्या नऊ अंगठ्यांनीही तेच केले. पण त्या अंगठ्या घडल्या त्याच मुळी दुसऱ्यांवर हुकमत गाजवण्यासाठी, आणि त्यांतून मिळणारे आयुष्य हा त्या हुकमतीचा केवळ अवशेष आहे. टोल्किन श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि मरण ही माणसाला ईश्वराने दिलेली देणगी आहे असे त्याची कथा मानते. त्या श्रद्धेचा मी आदर करतो. माझी तक्रार त्याच्यामागून आलेल्या असंख्य कथांबद्दल आहे, ज्यांनी ती श्रद्धा सोडून दिली आणि तिचा निष्कर्ष तेवढा उचलला.

आता अमृताकडे येऊ. समुद्रमंथनाची कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातला व्यवहार डोळ्यांआड होतो. मंदार पर्वताची रवी आणि वासुकीचा दोर घेऊन देव आणि असुर दोघांनी मिळून समुद्र घुसळला. असुरांच्या वाट्याला वासुकीच्या तोंडाची बाजू आली आणि त्याच्या मुखातून निघणारे धुराचे आणि ज्वाळांचे लोट त्यांनी अंगावर घेतले. शेवटी धन्वंतरी कलश घेऊन वर आला आणि त्या क्षणी सहकार्य संपले. मोहिनीने पंगत मांडली, देवांना वाढले आणि असुरांना ताटकळत ठेवले. एकजण वेषांतर करून देवांच्या रांगेत बसला. अमृत त्याच्या घशाशी पोहोचते न पोहोचते तोच त्याचे मुंडके उडाले, आणि तोच राहू. असुरांना अमृत दिले असते तर जगावर संकट आले असते हे कथेचे समर्थन मला ठाऊक आहे, आणि श्रद्धेने ऐकणाऱ्याला ते पुरते. तरीही कथाकाराने इथे काहीही लपवलेले नाही हे मी महत्त्वाचे मानतो. श्रम कोणी केले, धग कोणी सोसली, वाढपी कोण होता आणि पंगतीतून कोण उठवला गेला, हे सगळे त्याने नोंदवून ठेवले आहे. अमृत पिण्याची इच्छा वाईट असे ही कथा कुठेही म्हणत नाही. तिला वाटणीचा प्रश्न पडला आहे, आणि त्याचे तिने दिलेले उत्तर आपल्याला पटो वा न पटो, प्रश्न तिने बरोबर ओळखला आहे. अलीकडच्या बऱ्याच अद्भुतकथा याच जागी माघार घेतात.

मोहिनीने ही वाटणी नेवाशाला केली अशी प्रवराकाठची श्रद्धा आहे आणि तिथे मोहिनीराजाचे देऊळ आहे. त्याच नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या शेवटी पसायदान आले. पसायदानातली ‘चला कल्पतरूंचे आरव’ ही ओवी आपण शाळेत रोज म्हणतो, पण तिने काय केले आहे ते सहसा पाहत नाही. कल्पतरू हे इंद्राच्या स्वर्गातले झाड, ज्ञानदेव त्याची चालती उपवने करतात. चिंतामणी हे इच्छा पुरवणारे रत्न, त्याचे ते सजीव गाव वसवतात. आणि ज्या पीयूषाच्या एका कलशासाठी देव-असुरांचे युद्ध पेटले, त्याचे ते बोलते समुद्र करतात. अर्थात हे सगळे संतांचे वर्णन आहे आणि ते शब्दशः घ्यायचे नाही. पण ज्या वस्तूंच्या दुर्मीळपणावर पुराणातल्या कितीतरी भांडणांची उभारणी झाली, त्या एकामागून एक विपुल करून टाकणारी ही कल्पनाशक्ती किती धीट आहे! आणि त्याच्या आधीच ‘जो जे वांछील तो ते लाहो’ असे मागणे मागून झालेले आहे. इच्छा कमी करा असे तिथे म्हटलेले नाही. खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा तेवढा जावो, आणि मग ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असा तो क्रम आहे. अमरत्वाच्या वस्तूवर कथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला आराखडा कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

एकच वस्तू आणि पाच माणसे यांची सर्वांत करुण कथा भर्तृहरीची आहे. एका ब्राह्मणाला तपश्चर्येचे फळ म्हणून अमरफळ मिळते. त्याची बायको त्याला म्हणते की भीक मागत अमर होऊन काय करायचे, हे राजाला द्या आणि त्याच्याकडून धन आणा. राजा भर्तृहरी ते स्वतः खात नाही, लाडक्या राणीला देतो, कारण तिच्यामागे जगणे त्याला नको आहे. राणीचे मन दुसऱ्यावर जडलेले आहे, ती ते त्याला देते. त्याचे मन एका गणिकेवर आहे, तो ते तिला देतो. आणि गणिका विचार करते की आपल्या या जगण्याला आणखी आयुष्य कशाला, प्रजेचे कल्याण करणारा राजा चिरंजीव झाला तर बरे, आणि फळ पुन्हा दरबारात येते. राजाला सारा प्रकार कळतो आणि तो राज्य सोडून निघून जातो.

कीर्तनात ही कथा वैराग्यासाठी सांगतात आणि स्त्रीच्या चंचलपणावर दोन शब्द जास्तीचे बोलले जातात. मला ती वेगळी दिसते. फळ हाती आलेल्या एकाही माणसाने ते खाल्लेले नाही. अमरत्वाच्या वस्तूपुढे माणूस पशू होतो असे सांगणाऱ्या सगळ्या कथांना ही एक कथा पुरून उरते, कारण इथे प्रत्येकाने ती वस्तू आपल्यापेक्षा प्रिय असलेल्या माणसाच्या ओंजळीत ठेवली. त्या गणिकेने तर जिच्याशी तिचे काहीच नाते नव्हते त्या प्रजेचा विचार केला. आणि ब्राह्मणाची बायको जे बोलली ते या विषयावरचे अतिशय समंजस वाक्य आहे: पोटाला नसेल तर नुसत्या आयुष्याचे काय करायचे? लांब आयुष्याला वाईट म्हणणाऱ्या सगळ्या युक्तिवादांचा गाभा तिने एका दमात सांगून टाकला. आयुष्य वाईट नसते, त्याच्यासोबत येणारी दैना वाईट असते.

इथे विरोधी बाजूचे म्हणणे नीट ऐकायला हवे, कारण ते हलके नाही. अंतहीन आयुष्य मुळातच असह्य असते असे मानणाऱ्या कथांची परंपरा मोठी आहे. ग्रीक कथेत उषादेवी आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, अमरत्व मागते आणि तारुण्य मागायला विसरते. स्विफ्टच्या 1726 सालच्या ‘गलिव्हर’मध्ये लग्नॅग बेटावर कधीकधी डाव्या भुवईवर तांबडा ठिपका घेऊन मूल जन्मते आणि ते कधीच मरत नाही, त्याचे दात, केस, स्मृती, भाषा सगळे जाते आणि जगणे तेवढे उरते. आपला अश्वत्थामा कपाळावरचा मणी गमावून जखम घेऊन फिरतो, आणि जखमेला तेल मागत तो दारोदार हिंडतो असे आपल्याकडे आजही सांगतात. पण या तिन्ही कथा जवळून पाहिल्या तर त्यांतली शिक्षा आयुष्याची नाही. टिथोनसला जर्जरपणा छळतो. अश्वत्थाम्याला जखम आणि एकटेपण छळतात, आणि ते झोपलेल्या पोरांना मारल्याबद्दल व गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल आहेत. स्विफ्टने तर एक नियम असा घातला आहे की त्यातून माझाच मुद्दा पुढे येतो. लग्नॅगमध्ये ऐंशी वर्षे पूर्ण होताच त्या अमरांना कायद्याने मृत धरतात आणि त्यांची मालमत्ता वारसांकडे जाते, कारण तसे केले नाही तर हळूहळू सारा देश त्यांच्या मालकीचा होईल आणि सत्ताही त्यांच्याच हाती जाईल. अमर माणसाची भीती इथे मालक म्हणून आहे.

शिवाय आपल्या परंपरेने चिरंजीवांची जी यादी केली आहे ती सातजणांची आहे आणि तीत दुःखी एकटा अश्वत्थामा. मारुती चिरंजीव आहे आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही; जिथे रामकथा चालते तिथे तो येऊन बसतो, आणि गावच्या वेशीवर त्याच्यासारखा राखणदार कायमचा असावा हीच लोकांची भावना असते. बळीराजा चिरंजीव आहे, आणि दिवाळीच्या पाडव्याला घरोघरच्या बाया ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून त्याच्या परतण्याची वाट पाहतात. ज्याचे अमर असणे सगळ्यांच्या उपयोगाचे आहे त्याचे अमरत्व लोकांनी आनंदाने पत्करले, असा याचा सरळ अर्थ आहे.

पृथ्वीवर जागा किती, अन्न किती, जुनी पिढी हललीच नाही तर नव्या पिढीने उभे राहायचे कुठे, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण ज्या प्रश्नाला उत्तर सोपे नसते तो चारचौघांत, उघड्यावर बोलायचा असतो. परिसाचे काय करायचे हे दोन वृद्ध मित्र आपसांत ठरवून टाकतात याचेच मला वाईट वाटते. वस्तू दडवून ठेवणे ही जशी मालकी असते, तसे ती कोणाला न विचारता नष्ट करणे ही सुद्धा मालकीच असते.

आणि पुस्तकाबाहेरच्या जगात आयुष्य वाढवणाऱ्या वस्तू खरोखरच आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ दोन-तीन पिढ्यांत आपल्या आयुष्यात आणखी एक आयुष्य भरले गेले. हे कोणा एका दगडाने झाले नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची संस्था उभी राहिली आणि तिथून लाखो मात्रा बाहेर पडल्या. लस हे अमृत नव्हे, पण ते मोजून वाटता येते, पुन्हा करता येते आणि त्याची कृती शिकवता येते. परीस, अंगठी आणि अमरफळ यांच्याजवळ नेमका हाच गुण नाही.

जेव्हा औषधाची कृती कोणा एकाच्या कुलपात जाते, तेव्हा अद्भुतकथेतली परिस्थिती वास्तवात उभी राहते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे बेडाक्विलिन हे औषध उदाहरण म्हणून घ्या. त्यावरचा एकाधिकार मूळ पेटंटच्या मुदतीनंतरही लांबवण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळला. त्या अर्जाला आव्हान देणाऱ्यांत दोन तरुण स्त्रिया होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि आधीच्या जुन्या उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. त्यांनी मरणाचा स्वीकार केला नाही, म्हणून त्यांना कोणी लोभी म्हणेल का? त्यांनी मागितले ते इतकेच की घागरीखालचा पिंजरा उघडावा, आणि तेही स्वतःपुरते नाही.

म्हणूनच ‘मरण स्वीकारावे’ हा उपदेश कोण कोणाला करतो हे मला नेहमी तपासून पाहावेसे वाटते. म्हातारे माणूस गेले की आपण ‘सुटला बिचारा’ म्हणतो, ‘सोनं झालं’ म्हणतो. पुष्कळदा ते खरे असते आणि त्यात माया असते. पण तालुक्याच्या दवाखान्यात साधे डायलिसिसचे यंत्र नसल्यामुळे जो गेला त्यालाही आपण त्याच शब्दांत निरोप देतो, आणि तेव्हा तो शब्द सांत्वनापेक्षा झाकण म्हणून जास्त उपयोगी पडतो. पैसेवाल्याचे आयुष्य वाढते तेव्हा त्याला आपण उपचार म्हणतो, आणि गरिबाने तेच मागितले की त्याला निसर्गाचा नियम ऐकवतो. अमरत्वाला पाप ठरवणाऱ्या कथांनी हा भेद निर्माण केला नाही, पण त्याला एक प्रतिष्ठित भाषा पुरवली.

मला माहीत असलेल्या कृतींपैकी एकीत मात्र वाटणीची चर्चा खरोखर होते. कारेल चापेकचे ‘माक्रोपुलोस प्रकरण’ हे नाटक 1922 मध्ये प्रागच्या रंगमंचावर आले. त्यात अमरत्वाची वस्तू म्हणजे एक जुना कागद आहे, आणि त्यावर तीनशे वर्षांचे आयुष्य देणाऱ्या औषधाची कृती लिहिलेली आहे. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने ती आपल्या वैद्याकडून करवून घेतली, पण स्वतः घेण्याआधी वैद्याच्याच सोळा वर्षांच्या मुलीवर तिची चाचणी घ्यायला लावली. हाफकिन यांच्या अगदी उलट हा प्रकार. ती मुलगी जगली, आणि 337 वर्षांची झाल्यावर कंटाळून, थिजून, तो कागद ती इतरांसमोर ठेवते. मग शेवटच्या अंकात वाद सुरू होतो. विटेक नावाचा साधा कारकून म्हणतो की हे सगळ्या माणसांना द्या. माणूस साठ वर्षांत काही शिकतो न शिकतो तोच मरतो, त्याला तीनशे वर्षे द्या. वकील कोलेनाटी करारांच्या, पेन्शनच्या आणि लग्नांच्या अडचणी काढतो. सरदार घराण्यातला प्रुस म्हणतो की हे निवडक बलवानांनाच द्यावे, म्हणजे दीर्घायुषींचे एक सत्ताधारी कूळ तयार होईल. आणि वाद रंगात आलेला असताना क्रिस्तिना नावाची तरुण मुलगी तो कागद पेटवून देते.

नाटकाचा हा शेवट अनेकांना फार उदात्त वाटतो, पण मला विटेकचे बोलणे अर्धवट राहिल्याची रुखरुख लागते. प्रुसचा प्रस्ताव भयंकर आहे हे खरे, पण त्याला उत्तर विटेकने द्यायचे होते, ज्वाळेने नव्हे. मराठीत सध्या अद्भुतकथा लिहू पाहणारे बरेच तरुण आहेत, आणि त्यांतले पुष्कळजण इंग्रजीतली अंगठी आणि इंग्रजीतला परीस घेऊन सुरुवात करतात. त्यांनी एकदा ती आगपेटी बाजूला ठेवून लिहून पाहावे. कागद शाबूत आहे, त्याच्या हजारो प्रती निघाल्या आहेत, औषध परळच्या एखाद्या कारखान्यात तयार होते आहे आणि बाहेर रांग लागली आहे. रांगेत पहिले कोणाला घ्यायचे, शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर तीनशे वर्षे एकच नाव राहिले तर नातवाने काय करायचे, ज्याला नको असेल त्याला नाही म्हणण्याचा हक्क कसा द्यायचा, तीनशे वर्षांच्या सासूसुनांचे काय होणार, आणि कोणी प्रुस मागच्या दाराने पेटी पळवू लागला तर त्याला अडवायचे कोणी, हे सगळे त्या कथेत यावे. विटेकला त्या रात्री जे वाक्य पुरे करू दिले नाही, तिथूनच ही कादंबरी सुरू करता येईल.